विषयशीर्षकं बदलतात, शोधसूत्र मात्र जुनंच



आजचा विषय ऐकायला रुक्ष आहे, तो दोन वाक्यांत सांगून टाकतो. वैद्यकीय संशोधनाच्या डेटाबेसमध्ये लेख शोधण्यासाठी ठरलेल्या विषयशीर्षकांची एक सूची असते आणि ती दरवर्षी बदलते. तिच्यावर बेतलेली शोधाची सूत्रं मात्र लोक वर्षानुवर्षं तशीच वापरतात. तत्त्वज्ञानाच्या माणसाचं यात काय काम, असं कुणी विचारेल. शब्द तोच आणि अर्थ बदललेला, किंवा अर्थ तोच आणि शब्द बदललेला, या दोन गोष्टींवर आमच्याकडे अडीच हजार वर्षं वाद चालू आहे. आमच्या वर्गात तो वाद परीक्षेपर्यंत टिकायचा. इथे तो रुग्णाच्या खाटेपर्यंत जातो, म्हणून मला त्यात रस वाटला.

आधी ही यंत्रणा काय आहे ते थोडक्यात. अमेरिकेत मेरीलँडमधल्या बेथेस्डा इथे नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिन आहे. जॉन शॉ बिलिंग्ज या लष्करी डॉक्टराने १८७९ साली 'इंडेक्स मेडिकस' ही वैद्यकीय लेखांची सूची काढायला सुरुवात केली. ती छापील सूची २००४ पर्यंत चालली. दरम्यान १९६० साली या लायब्ररीने 'मेडिकल सब्जेक्ट हेडिंग्ज' नावाची विषयशीर्षकांची अधिकृत यादी काढली. तिलाच सगळे 'मेश' म्हणतात. १९७१ मध्ये मेडलाइन आलं, १९९६ मध्ये पबमेड आलं, आणि आज जगातला कुठलाही डॉक्टर फुकटात ते उघडू शकतो. मेशमध्ये आज सुमारे ३०,००० शीर्षकं आहेत आणि ती झाडासारखी मांडलेली आहेत. वरच्या फांदीवर बोट ठेवलं की खालच्या सगळ्या डहाळ्या आपोआप येतात.

याचा फायदा काय? एक लेखक 'कॅन्सर' लिहितो, दुसरा 'ट्यूमर', तिसरा 'मॅलिग्नन्सी'. निर्देशन करणारा माणूस तिन्ही लेखांवर 'निओप्लाझम्स' ही एकच चिठ्ठी लावतो. शोधणाऱ्याने ती चिठ्ठी मागितली की तिन्ही लेख हाती येतात. चाळीस लेखकांचे चाळीस शब्द आठवत बसायची गरज राहत नाही. कल्पना फार चांगली आहे. मी आज टीका करणार आहे, पण या कल्पनेवर नाही.

आता एक गोष्ट नीट लक्षात घ्या, पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. डेटाबेसमधल्या प्रत्येक नोंदीत भाषेचे दोन थर असतात. एक थर लेखकाचा, म्हणजे लेखाचं शीर्षक आणि सारांश. तो छापला गेला त्या दिवशी गोठला. १९६५ च्या लेखकाने जो शब्द लिहिला तो आजही तिथेच आहे. दुसरा थर ग्रंथपालाचा, म्हणजे वर लावलेल्या चिठ्ठ्या. हा थर जिवंत आहे, दरवर्षी नोव्हेंबर-डिसेंबरच्या सुमारास त्याची डागडुजी होते. काही शीर्षकांची नावं बदलतात, काही नवी येतात, काही काढली जातात, काही एका फांदीवरून दुसऱ्या फांदीवर जातात. आणि या दोन थरांवर चालणारं शोधसूत्र हा तिसरा पदार्थ. तो कुणाच्या तरी संगणकावर, कुणाच्या तरी प्रबंधाच्या परिशिष्टात पडलेला असतो. त्याची डागडुजी करायला कुणी नेमलेलं नसतं.

माझी एक जुनी विद्यार्थिनी एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काम करते. ती सांगत होती की, दरवर्षी नव्या बॅचचे पदव्युत्तर विद्यार्थी येतात आणि सीनियरने दिलेली एक फाईल पुढे करतात. 'मॅडम, स्ट्रॅटेजी तयार आहे, फक्त चालवून द्या.' ही फाईल कुणी, कोणत्या वर्षी, कोणत्या प्लॅटफॉर्मसाठी लिहिली, हे त्या मुलांना माहीत नसतं. लोणच्याची कृती आजीकडून आईकडे यावी तशी ती आलेली असते. फरक एवढाच की कैरी अजून कैरीच आहे.

शब्द बदलतात म्हणजे नेमकं काय होतं? सगळे बदल एका जातीचे नसतात, आणि लोकांचा गोंधळ इथेच होतो.

सगळ्यांत साधा बदल नावाचा. आमच्याकडे फ्रेगेचं प्रसिद्ध उदाहरण आहे, पहाटेचा तारा आणि संध्याकाळचा तारा. नावं दोन, वस्तू एकच, शुक्र. लायब्ररी अशा वेळी जुनं नाव नव्याला पर्याय म्हणून जोडून ठेवते आणि जुन्या नोंदींवरची चिठ्ठीही बदलते. पबमेडमध्ये तुम्ही जुनं नाव टाकलं तरी बहुधा ते नव्याकडे नेऊन सोडतं. पण मेडलाइन केवळ पबमेडमधूनच शोधलं जात नाही, इतर कंपन्यांच्या प्लॅटफॉर्मवरूनही शोधलं जातं. तिथे जुन्या शीर्षकाची ओळ चक्क शून्य देऊ शकते. सूत्र पन्नास ओळींचं असेल, ओळी 'किंवा'ने जोडलेल्या असतील, तर एका ओळीचं शून्य एकूण बेरजेत दिसतही नाही. कुठेही लाल दिवा लागत नाही.

या साध्या बदलातही एक अवघड प्रश्न दडलेला आहे, त्यावर जरा थांबतो. १८६६ साली लँग्डन डाउन या इंग्रज डॉक्टराने काही मुलांचं वर्णन करताना त्यांना 'मंगोल' वंशाच्या नावाने ओळखलं. त्या काळच्या वंशकल्पनेतून आलेलं ते नाव शंभर वर्षं चाललं. १९५९ मध्ये लेज्यून यांनी दाखवलं की या मुलांत एकविसाव्या गुणसूत्राची एक जादा प्रत असते. १९६१ मध्ये तज्ज्ञांनी 'लॅन्सेट'ला पत्र लिहून नाव बदलायची मागणी केली, १९६५ मध्ये मंगोलियाच्या विनंतीनंतर जागतिक आरोग्य संघटनेने ते नाव सोडलं. मेशमध्येही पूर्वी 'मंगोलिझम' हे शीर्षक होतं, आता 'डाउन सिंड्रोम' आहे. हे योग्यच झालं, याबद्दल माझ्या मनात काडीचीही शंका नाही.

पण संशोधकाने काय करायचं? १९६०च्या आधीच्या लेखाच्या शीर्षकात तो जुना शब्द अजून आहे. त्यातल्या अनेक नोंदींना सारांश नाही, म्हणजे शोधायला हाताशी फक्त शीर्षक आणि चिठ्ठी. एखाद्या सुसंस्कृत तरुण डॉक्टरला तो शब्द टाइप करायचीही लाज वाटते, हे मी समजू शकतो. पण शोधपेटी ही काही सार्वजनिक सभा नव्हे. तिथे आपण त्या शब्दाचं समर्थन करत नसतो, त्या शब्दाखाली अडकलेल्या माणसांची माहिती सोडवून आणत असतो. शिष्टाचार म्हणून जुना शब्द गाळला, तर त्या मुलांच्या हृदयदोषांबद्दल तेव्हा केलेली निरीक्षणंही गळतात.

आपल्याकडे हेच चाललंय की. 'मतिमंद मुलांची शाळा' असे फलक आपण सगळ्यांनी पाहिलेत. १९९५ च्या अपंगत्वविषयक कायद्यात इंग्रजीत 'मेंटल रिटार्डेशन' हा शब्द होता, २०१६ च्या कायद्यात 'इंटेलेक्च्युअल डिसॅबिलिटी' आला. अमेरिकेत २०१० च्या 'रोझाज लॉ'ने तोच बदल तिथल्या केंद्रीय कायद्यांत केला, आणि मेशनेही पुढे 'इंटेलेक्च्युअल डिसॅबिलिटी' हे शीर्षक घेतलं. मराठीत अपंग, विकलांग, दिव्यांग अशी मालिका एका पिढीत उलटून गेली. उद्या कुणी मराठी वर्तमानपत्रांच्या जुन्या अंकांत या मुलांच्या शिक्षणाचा इतिहास शोधायला बसला आणि त्याने फक्त 'दिव्यांग' टाकलं, तर त्याला वाटेल की २०१५ पूर्वी महाराष्ट्रात या प्रश्नावर कुणी बोललंच नाही. महारोग आणि कुष्ठरोग या शब्दांचंही तेच. शब्द सुधारला की समाज सुधारतो की नाही हा वेगळा वाद आहे, पण शब्द सुधारला की सूची दुभंगते हे नक्की.

इयन हॅकिंग या कॅनेडियन तत्त्वज्ञाने म्हटलंय की माणसांचं वर्गीकरण आणि दगडांचं वर्गीकरण यांत फरक आहे. दगडाला तुम्ही काय म्हणता याचं दगडाला काही नसतं. माणूस नाव ऐकतो, त्याप्रमाणे वागतो, नाहीतर भांडतो, आणि मग नावच बदलावं लागतं. 'लाँग कोविड' हे नाव कुठल्या समितीने दिलं नाही, २०२० मध्ये रुग्णांनीच ते रूढ केलं, अधिकृत शीर्षक मागाहून आलं. तेव्हा आरोग्याच्या शब्दसूचीत शब्द कायमचे स्थिर होतील अशी आशाच करू नये.

दुसरा बदल जास्त घातक. जुन्या मोठ्या शीर्षकातून नवं, नेमकं शीर्षक कोरून काढलं जातं. इथे वस्तू तीच आणि नाव नवं असं नसतं, जगाकडे पाहायची रेषाच नव्याने आखलेली असते. ५ जून १९८१ ला अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या साप्ताहिकात लॉस एंजेलिसच्या पाच तरुणांबद्दल एक छोटी टिपणी आली. त्यांना न्युमोसिस्टिस कॅरिनी या जीवाचा न्युमोनिया झाला होता. आज आपण म्हणतो ती एड्सची पहिली नोंद. पण त्या टिपणीत 'एड्स' हा शब्द नाही, असणार कसा? तो शब्द १९८२ मध्ये आला. मेशमध्ये त्याचं शीर्षक १९८३ मध्ये आलं. एचआयव्ही हे विषाणूचं नाव १९८६ मध्ये ठरलं, त्याआधी त्याच विषाणूला दोन-तीन प्रयोगशाळांची दोन-तीन नावं होती. पुढे तर माणसात सापडणाऱ्या त्या न्युमोसिस्टिसचं नावही कॅरिनीचं जिरोवेसी झालं. म्हणजे त्या छोट्या टिपणीतला जवळजवळ प्रत्येक महत्त्वाचा शब्द आज बदललेला आहे.

बरं, म्हणून शीर्षक सोडून नुसता 'एड्स' हा शब्द टाकला, तर काय येईल? 'हिअरिंग एड्स' येतील. [श्रोत्यांत हशा] हसू नका, खरंच येतात. कानातल्या यंत्रांवरचे लेख.

नवं शीर्षक आलं की लायब्ररी सर्वसाधारणपणे मागे जाऊन सगळ्या जुन्या नोंदी पुन्हा वाचत बसत नाही. कोट्यवधी नोंदी आहेत, ते शक्यही नाही. अपवाद होतात. 'सिस्टिमॅटिक रिव्ह्यू' हा प्रकाशन-प्रकार २०१९ मध्ये आला तेव्हा मागच्या नोंदींनाही ती चिठ्ठी लावली गेली. 'रँडमाइज्ड कंट्रोल्ड ट्रायल' या प्रकाशन-प्रकाराचं उदाहरण तर बोधप्रद आहे. तो १९९१ मध्ये आला. पण अशा चाचण्या त्याआधी होतच होत्या, क्षयावरच्या स्ट्रेप्टोमायसिनची प्रसिद्ध चाचणी १९४८ ची. १९९३ मध्ये कॉक्रेन ही संस्था उभी राहिली तेव्हा त्यांच्यासमोर हाच पेच होता की चाचण्या आहेत, पण त्यांच्यावर 'चाचणी' असं लिहिलेलं नाही. मग जगभर स्वयंसेवकांनी नियतकालिकांचे गठ्ठे पानापानाने, हाताने चाळले आणि लायब्ररीच्या सहकार्याने नोंदींवर चिठ्ठ्या लावून घेतल्या. या कामाचं कौतुक कुणी फारसं करत नाही. मला ते विसाव्या शतकातल्या ज्ञानव्यवहारातलं मोठं काम वाटतं.

तिसरा बदल सगळ्यांत गुपचूप. शीर्षक तेच, शब्द तेच, पण झाडावरची जागा बदलते. मी म्हटलं ना, वरची फांदी मागितली की खालच्या डहाळ्या आपोआप येतात. आता एखादी डहाळी तिथून उचलून दुसरीकडे नेली, तर तुमच्या सूत्रातलं एक अक्षरही न बदलता सूत्राचा अर्थ बदलला. पक्षाघाताचं घ्या. तो मेंदूचा आजार की रक्तवाहिन्यांचा? मेशमध्ये एक शीर्षक अनेक फांद्यांवर बसू शकतं, म्हणून तिथे पक्षाघात दोन्हीकडे आहे. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाला आकडेवारीसाठी एकच घर ठरवावं लागतं. त्याच्या दहाव्या आवृत्तीत पक्षाघात रक्ताभिसरणाच्या प्रकरणात होता, २०२२ पासून लागू झालेल्या अकराव्या आवृत्तीत तो मज्जासंस्थेच्या प्रकरणात गेला. रुग्णाला झालं तेच झालं, खातं मात्र बदललं. दोन आवृत्त्यांची आकडेवारी न बघता जोडणाऱ्याला हृदय-रक्तवाहिन्यांचे आजार अचानक घटलेले दिसतील.

झाडाचा विषय निघाला म्हणून जाता जाता एक. मेशमध्ये आयुर्वेदाला शीर्षक आहे. कुठे? पारंपरिक वैद्यकाच्या खाली, आणि ते पूरक उपचारांच्या खाली. कुणाला पूरक, ते सांगायला नको. मला यात कट वगैरे दिसत नाही. कुठलंही झाड कुणाच्या तरी अंगणात उगवतं, एवढाच अर्थ. पण आपल्याकडच्या संशोधकाने 'आयुर्वेद' हा एकच शब्द टाकून समाधान मानू नये. अश्वगंधेवरचा लेख 'विथानिया' या वनस्पतीच्या नावाखाली बसलेला असेल आणि हळदीवरचा 'करक्युमिन'खाली, आणि त्यांवर आयुर्वेदाची चिठ्ठी असेलच असं नाही.

आता माझ्या घरच्या अंगणातलं थोडं. न्यायशास्त्रात लक्षणाचे, म्हणजे व्याख्येचे, तीन दोष सांगितलेत. गाईचं लक्षण 'तांबूस-पिंगट रंग' असं केलं तर पांढऱ्या गाई सुटतात, ती अव्याप्ति. 'शिंगं असणं' केलं तर म्हशीही आत येतात, ती अतिव्याप्ति. 'एकसंध खूर असणं' केलं तर एकही गाय सापडत नाही, तो असंभव. शोधशास्त्रातले लोक ज्याला रिकॉल आणि प्रिसिजन म्हणतात, ते या पहिल्या दोन दोषांचंच उलटं रूप आहे. जुनं नाव गाळलं ती अव्याप्ति, हिअरिंग एड्स ही अतिव्याप्ति, आणि रद्द झालेल्या शीर्षकाची शून्य देणारी ओळ हा असंभव. माझ्या विद्यार्थिनीला हे फार आवडलं, तिने म्हणे भिंतीवर लावलंय.

पण उपमा इथे एका जागी तुटते, आणि ती जागा महत्त्वाची आहे. नैयायिकाला गाय आधीच माहीत असते. पांढरी गाय समोर उभी आहे, म्हणून तो म्हणू शकतो की तुझं लक्षण चुकलं. शोध घेणाऱ्याला सुटलेला लेख माहीत नसतो. माहीत असता तर शोध कशाला घेतला असता? म्हणून अतिव्याप्ति त्रास देते आणि अव्याप्ति त्रास देत नाही. नको असलेले दोन हजार लेख आले की आपण वैतागतो. हवे असलेले दोन लेख आले नाहीत की आपल्याला काहीच कळत नाही, उलट काम लवकर आटोपलं म्हणून बरं वाटतं.

याची किंमत काय असू शकते? २००१ साली बाल्टिमोरला दम्याच्या एका अभ्यासात निरोगी स्वयंसेवकांना हेक्झामेथोनियम हे रसायन हुंगायला दिलं गेलं. चोवीस वर्षांची एक स्वयंसेविका आजारी पडली आणि २ जूनला वारली. नंतरच्या चौकशीत निघालं की संशोधकाने पबमेडवर शोध घेतला होता, पण त्या वेळी पबमेड १९६६ पर्यंतच मागे जात होतं. हे औषध रक्तदाबासाठी वापरलं जात होतं ते १९५०च्या दशकात, आणि फुप्फुसांवरच्या दुष्परिणामांचे लेख त्या काळातले होते. मृत्यूचं सगळं खापर एका शोधावर फोडणं अन्यायाचं होईल, त्या प्रकरणात इतरही बऱ्याच त्रुटी होत्या. तरी ग्रंथपाल मंडळी अजून ते विसरलेली नाहीत. आज मेडलाइन १९४६ पर्यंत मागे जातं. पण त्या जुन्या नोंदी आल्या त्या जुन्या शीर्षकांसकट, आणि त्यांना सारांश नाहीत. म्हणजे दार उघडलं, पण आतल्या खोलीत अजून जुनीच बोली चालते.

आता माझी खरी टीका, आणि ती लायब्ररीपेक्षा आढावे लिहिणाऱ्यांवर जास्त आहे. गेली काही वर्षं असा आग्रह आहे की पद्धतशीर आढावा छापताना शोधसूत्र जसंच्या तसं परिशिष्टात द्या, म्हणजे कुणालाही तो शोध पुन्हा करता येईल. आग्रह चांगला आहे. पण 'पुन्हा करता येईल' याचा अर्थ लोकांनी फार भाबडा घेतलाय. तेच सूत्र आज चालवलं तर तोच शोध होत नाही, कारण सूत्र अर्थासाठी ज्या झाडाकडे बोट दाखवतं ते झाड तेव्हाचं राहिलेलं नसतं. पबमेडमध्ये साधे शब्द टाकले तरी ते आतल्या आत मेशमध्ये भाषांतर करून घेतं, 'हार्ट अटॅक' लिहिलं की 'मायोकार्डियल इन्फार्क्शन'ही शोधतं. हे भाषांतरही सूचीबरोबर बदलतं. तेव्हा परिशिष्टातलं सूत्र म्हणजे त्या दिवशी काय केलं याचा पुरावा. लोक त्याचा वापर आज्ञापत्र म्हणून करतात.

यातून आणखी एक सवय लागलीय. २०१९ चा आढावा २०२५ मध्ये अद्ययावत करायचा. काय करतात? तेच सूत्र घेतात, तारीख २०१९ च्या पुढची लावतात, चालवतात. वाटतं की मागचं मागे झालेलं आहे. पण सूत्रात दरम्यान चार नवे शब्द घालायला हवे असतील, तर ते शब्द मागच्या वर्षांवर कधीच चालवलेले नाहीत! नव्या आणि बदललेल्या ओळी तारखेची मर्यादा न घालता संपूर्ण काळावर चालवायला हव्यात, आणि जुन्या शोधात आधीच आलेलं त्यातून वजा करायला हवं. हे अर्ध्या दिवसाचं काम आहे. ते न करता 'अद्ययावत' हा शब्द शीर्षकात छापणं याला मी बौद्धिक आळस म्हणतो, दुसरा सौम्य शब्द मला सापडला नाही.

कोविडचं उदाहरण ताजं आहे. ११ फेब्रुवारी २०२० ला जागतिक आरोग्य संघटनेने 'कोविड-१९' हे नाव दिलं. त्याआधीचे लेख 'नॉव्हेल कोरोनाव्हायरस', '२०१९-एनकोव्ह', 'वुहान' अशा नावांनी छापलेले. मेशने घाईने ते नाव 'पूरक संकल्पना' म्हणून घेतलं, आणि २०२१ च्या आवृत्तीत त्याला पूर्ण शीर्षकाचा दर्जा दिला. दोन्हींसाठी शोधात लावायची खूण वेगळी असते. २०२० च्या उन्हाळ्यात घाईघाईने लिहिलेली सूत्रं पुढे जशीच्या तशी हातोहात फिरत राहिली. इतकी वेगवान साथ, इतकं वेगवान संशोधन, आणि सूत्र मात्र पहिल्या लॉकडाउनमधलं.

लायब्ररीबद्दलही एक तक्रार आहे. एकास एक नाव बदलतात तेव्हा जुन्या नोंदीवरची चिठ्ठी बदलली जाते, आणि त्या नोंदीकडे पाहून ती मूळ कोणत्या नावाखाली बसवली होती हे कळत नाही. मेशच्या ब्राउझरमध्ये शीर्षकाचा इतिहास असतो, 'प्रीव्हियस इंडेक्सिंग' अशी नोंदही असते, म्हणजे हे शीर्षक नव्हतं तेव्हा असे लेख कुठे टाकले जात. ही सोय उत्तम आहे, आणि ती फार थोडे लोक उघडून बघतात. पण वंशासंबंधीच्या शीर्षकांचं काय झालं बघा. 'निग्रॉइड रेस', 'मंगोलॉइड रेस' अशी शीर्षकं या शतकाच्या सुरुवातीपर्यंत होती, पुढे त्यांची नावं एकदा नव्हे, अनेकदा बदलली. बदल आवश्यकच होते. पण विज्ञान माणसांना कोणत्या खणांत टाकत होतं, हा इतिहासाचा पुरावा आहे, आणि तो प्रत्येक नोंदीवर दिसायला हवा होता. भिंत रंगवा, पण खाली कोणता रंग होता त्याचा एक तुकडा खरवडून ठेवा. जुन्या वाड्यांची दुरुस्ती करणारे लोक तसं करतात.

एका श्रोत्यांची चिठ्ठी आली आहे, वाचतो. 'सर, आता कृत्रिम बुद्धिमत्ता अर्थ समजून लेख शोधून देते. मग ही शीर्षकं, ही सूत्रं हवीत कशाला?'

प्रश्न रास्त आहे. पहिली गोष्ट, चिठ्ठ्या लावण्याचं काम आता माणूस करत नाही. २०२२ पासून मेडलाइनमध्ये ते मुख्यतः संगणकाची प्रणाली करते, माणसं निवडक नोंदी तपासतात. त्यामुळे चिठ्ठी लवकर लागते. शिवाय पबमेडमधल्या सगळ्या नोंदींना मेशच्या चिठ्ठ्या नसतातच, काहींना कधीच लागत नाहीत. म्हणून जाणकार मंडळी शीर्षक आणि साधे शब्द दोन्ही वापरतात, कुठल्याही एकावर विसंबत नाहीत. दुसरी गोष्ट, यंत्राने दिलेलं उत्तर चुकलं तर का चुकलं हे विचारायची सोय हवी. सूत्रात ती आहे. ओळ नंबर सतरा शून्य देते, हे मला बोट ठेवून दाखवता येतं. अर्थ 'समजणाऱ्या' यंत्राने एखादा लेख का गाळला, हे त्याला विचारलं तर ते गोड भाषेत काहीतरी सांगतं, पण तेच खरं कारण होतं का, हे मला तपासता येत नाही. आणि तो कालच्यासारखाच आज वागेल याची हमी नाही. म्हणजे सूत्राचा जो रोग आहे तो इथे आहेच, फक्त लक्षणं दिसत नाहीत. तरी मी त्याला नको म्हणत नाही. आपल्याला न सुचलेले जुने-नवे पर्यायी शब्द सुचवायला त्याला जरूर वापरा, आणि मग ते शब्द स्वतः चालवून बघा.

त्याच चिठ्ठीत खाली आणखी एक ओळ आहे, 'प्रत्यक्षात करायचं काय?' जानेवारीत, मेशची नवी आवृत्ती लागू झाली की, आपल्या वापरातलं प्रत्येक सूत्र एकदा ओळीओळीने चालवावं. गेल्या वर्षीचे आकडे शेजारी ठेवावेत. एखादी ओळ एकदम घसरली किंवा फुगली तर तिथे बघावं. बदललेल्या शीर्षकांच्या याद्या लायब्ररी दरवर्षी प्रसिद्ध करते, त्या चाळाव्यात. आणि आपल्या विषयातले हमखास यायलाच हवेत असे पंधरा-वीस लेख जवळ ठेवावेत, त्यांत काही फार जुने, काही कालचे. सूत्राने त्यांतला एक जरी सोडला तर सूत्र दुरुस्त करायचं. ही आपली पांढरी गाय. सूत्राच्या फाईलवर तारीख, प्लॅटफॉर्म आणि लिहिणाऱ्याचं नाव घालावं. आणि हे काम करून देणाऱ्या ग्रंथपालाचं नाव आढाव्याच्या लेखकांत घालावं, आभाराच्या शेवटच्या ओळीत नव्हे.

एम्बेसची 'एमट्री' ही सूची वर्षातून तीनदा बदलते, तेव्हा ते वापरणाऱ्यांनी नुसत्या जानेवारीवर भागवू नये. बाकी प्रश्न असतील तर बाहेर चहा आहे, तिथे बोलू.